श्रमविधी : चव्वेचाळिसाव्या वर्षी बॅले

२०२० च्या जानेवारीत आमच्या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. गाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष, गावभर कमानी, घरोघरी पाहुणे. त्याच हिवाळ्यात एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी सतरा वर्षांनंतर भरतनाट्यम करायला उभी राहिले आणि वर्णमच्या तिसऱ्या तीरमानमला थांबले. विसरले नव्हते. बोल कानात होते, ताल हातात होता. पण दम संपला होता आणि उजवा गुडघा 'आता पुरे' म्हणत होता. मी नमस्कार केला. प्रेक्षकांना वाटलं, नाच संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या फार लागल्या.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. शरीरात दम म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देते. विशारद झाले १९९७ साली, सोलापूरला बाईंकडे शिकून. मग लग्न, नोकरी, मुलगा, सासूबाईंचं आजारपण; या यादीत काही नवं नाही. घरी परतल्यावर पहिला विचार आला तो रियाज वाढवण्याचा. दोन महिने वाढवला. गुडघा अधिक सुजला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्या रिकाम्या दिवसांत मुलानं 'ये बॅले' हा चित्रपट लावला. सूनी तारापोरवाला यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०२० मध्येच आला होता. मुंबईतल्या साध्या घरांतली दोन मुलं एका परदेशी शिक्षकाकडे बॅले शिकतात, ही त्याची गोष्ट. ती खऱ्या मुलांवर बेतलेली आहे : मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा आणि अमिरुद्दीन शाह. त्यांचे शिक्षक येहुदा माओर. अमिरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. मनीषनं चित्रपटात स्वतःवर बेतलेली भूमिका स्वतःच केली.

माझं लक्ष मनीषकडे गेलं, कारण तो बॅलेच्या हिशेबानं फार उशिरा आला होता. या नाचात मुलं सात-आठ वर्षांची असताना बारला लागतात. हा आधी रस्त्यावरची बी-बॉइंग करत होता, उड्या मारत होता. म्हणजे शरीर तयार होतं, फक्त बॅलेसाठी नव्हतं. माझंही शरीर एकेकाळी तयार होतं, बॅलेसाठी नव्हतं. तुलना एवढ्यावरच थांबते. तो तरुण होता आणि मी चव्वेचाळिशीत. पण जूनमध्ये मुंबईच्या एक शिक्षिका प्रौढांसाठी ऑनलाइन प्राथमिक वर्ग घेतात असं कळलं, आणि मी नाव घातलं. मला बॅलेरिना व्हायचं नव्हतं. मला माझं वर्णम पुरं करायचं होतं.

बॅलेमधला 'बार' म्हणजे कमरेएवढ्या उंचीवरचा आडवा दांडा. मी गच्चीचा कठडा वापरला. सासूबाईंना पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, "सूनबाई काय करतात हल्ली संध्याकाळी?" त्या म्हणाल्या, "बारला जाती." धाराशिवमध्ये बार म्हणजे परमिट रूम. दोन दिवस गल्लीत चर्चा होती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एक नाच नीट करता यावा म्हणून दुसऱ्या नाचाचा व्यायाम करावा का? ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना हे परकं वाटलं, काहींना बाटल्यासारखं. पण आपली शास्त्रं या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळी आहेत. नाट्यशास्त्रात भरतानं पायांच्या चारींना 'व्यायाम' हाच शब्द वापरला आहे आणि व्यायाम कसा करावा हेही सांगितलं आहे : अंगाला तेल लावावं, जमिनीवर सराव करावा, आहार आणि औषधं कोणती घ्यावीत. म्हणजे नाच वेगळा आणि नाचासाठी शरीर घडवणं वेगळं, ही जाणीव तिथं आहे.

याहून जवळचा पुरावा तंजावरचा आहे, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या फार जवळचा आहे. व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी बसवली. भोसल्यांची कुलदेवता तुळजाभवानी. त्या गादीवर तुळजाजी नावाचे दोन राजे झाले. नाव कुठून आलं हे तुळजापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिल्या तुळजाजीनं (१७२८ ते १७३६) 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात नृत्याच्या प्रकरणात, आज आपण ज्यांना अडवू म्हणतो त्या मूळ पदन्यासांचं वर्णन येतं ते 'श्रमविधी' या नावाखाली. श्रमविधी म्हणजे मेहनतीची रीत. मी विशारदच्या परीक्षेसाठी ग्रंथाचं नाव पाठ केलं होतं, या शब्दावर कधी थांबले नव्हते. गुडघा सुजल्यावर थांबले.

दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात (१७९८ ते १८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात असतो, त्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. सरफोजींच्या नावावर नाचासाठीचं मराठी साहित्य आहे आणि विसाव्या शतकात मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ते पुन्हा रंगमंचावर आणलं. भरतनाट्यम हा मराठी माणसाचा परका नाच नाही, तो हा असा. सरफोजीराजे वारले मार्च १८३२ मध्ये. त्याच महिन्यात पॅरिसला 'ला सिल्फीद' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला, ज्यात मारी ताल्योनी पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचली आणि बॅलेची आजची हवेत तरंगणारी प्रतिमा पक्की झाली. या योगायोगाला काही अर्थ नाही. पण मला तो आवडतो.

आणि हे दोन नाच एकमेकांना भेटलेही आहेत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म १९०४ चा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची आना पावलोव्हाशी ओळख झाली आणि त्या पावलोव्हाच्या मंडळीतल्या क्लिओ नोर्दी यांच्याकडे बॅले शिकू लागल्या. म्हणजे वय चोविशीच्या पुढे. आपल्या देशाच्या नाचाकडे वळा, हा सल्ला पावलोव्हानंच दिला. पुढे त्यांनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळैंकडे भरतनाट्यम घेतलं. हे गुरू त्या चार भावांच्या वंशातले. १९३५ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभं राहिलं. कलाक्षेत्राच्या रेषा इतक्या नेमक्या आणि लांब का, याची चर्चा करताना काही जण या बॅलेकडे बोट दाखवतात. देवदासींच्या घरांतून आलेल्या नाचाचं त्यात काय हरवलं, हा प्रश्नही रास्त आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला इथं एवढंच हवं होतं की मोठ्या वयात बॅले आणि भरतनाट्यम एकाच अंगात राहू शकतात.

आता त्या अंगाकडे. दोन्ही नाचांचा पाया एकच दिसतो : पाय बाहेरच्या बाजूला फिरवलेले. भरतनाट्यममध्ये टाचा जवळ, पावलं बाहेर, गुडघे वाकवलेले, ही अरमंडी. बॅलेमध्ये याला टर्नआउट म्हणतात आणि तशा पायांनी गुडघे वाकवणं म्हणजे प्लिए. चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली. पायांच्या पाच मूळ स्थिती पिएर बोशाँ यांनी ठरवल्या असं मानतात. दरबारी नाचात पाय थोडेच बाहेर असत. पावलांची एक सरळ रेषा, म्हणजे १८० अंश, ही मागणी नंतरची.

ही १८० अंशांची रेषा हाडांना परवडते का, ते पाहा. पाय बाहेर फिरायला हवा तो खुब्यातून. मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या खोबणीत बसतं, आणि त्या डोक्याखालची मान पुढच्या बाजूला थोडी वळलेली असते. जन्मतः हे वळण तीस-चाळीस अंशांचं असतं आणि वाढीबरोबर कमी होत मोठेपणी सरासरी पंधराच्या आसपास येतं. ज्याचं कमी, त्याचा पाय सहज बाहेर फिरतो. ज्याचं जास्त, त्याचे गुडघे आत पाहतात. त्यात खोबणीची खोली आणि पुढच्या जाड अस्थिबंधाचा ताण यांची भर. परिणाम असा की बहुतेकांना एका खुब्यातून नव्वद अंश मिळतच नाहीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी हाडाचं वळण बदलत नाही. व्यायामानं बदलतं ते हे की जेवढं फिरणं हाडांनी दिलंय, तेवढं आपण स्वतःच्या ताकदीनं धरून ठेवू शकतो की नाही.

धरून ठेवणारे स्नायू म्हणजे नितंबाखाली खोल असलेले सहा छोटे स्नायू, आणि त्यांना मांडीच्या आतल्या स्नायूंची मदत. ते कमजोर असतील तर माणूस चोरी करतो. आधी गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर ओढून बाहेर लावायची, मग उभं राहायचं. पावलं सुंदर दिसतात. पण मांडी पुढे पाहते, पाऊल बाहेर पाहतं, आणि मधला गुडघा पिळवटतो. तळपायाची कमान आतल्या बाजूला कोसळते, गुडघ्याची वाटी आपल्या चाकोरीतून बाहेर ओढली जाते. मी हे वीस वर्षं केलं होतं. बाईंनी नेहमी सांगितलं होतं की गुडघे पावलांच्या दिशेला हवेत. पण कार्यक्रमात कुणीतरी "काय सुरेख अरमंडी" म्हणायचं, आणि मी पावलं आणखी ओढायची.

बॅलेच्या पहिल्या तासाला शिक्षिकेनं मोबाइल जमिनीजवळ ठेवायला सांगितला आणि माझी पावलं निम्मी आत आणवली. "आता खाली जा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या वर." मी गेले. अर्ध्या वाटेवर खुब्याच्या मागे अशी जळजळ उठली, जी भरतनाट्यमच्या सगळ्या वर्षांत कधी जाणवली नव्हती. ते सहा स्नायू पहिल्यांदा कामाला लागले होते.

तरीही पहिल्या चार महिन्यांत मी घाई केली. रात्री एकटीच कठड्याला धरून पावलं बाहेर, आणखी बाहेर. गुडघा पुन्हा सुजला, तीन आठवडे बंद. त्यात कुणाचा दोष नव्हता, माझाच.

अरमंडी आणि प्लिए यांतला फरक मला या सक्तीच्या विश्रांतीत कळला. अरमंडी ही स्थिती आहे : आपण तिच्यात बसतो आणि तिच्यातच नाचतो, त्यामुळे मांडीचे पुढचे स्नायू लांबी न बदलता ताण सोसत राहतात. प्लिए ही हालचाल आहे : चार मात्रांत खाली, चार मात्रांत वर. खाली जाताना तोच स्नायू लांब होत होत भार पेलतो, उठताना आखडत भार ढकलतो. माझ्याकडे बसून राहण्याची ताकद होती, खाली-वर होण्याची नव्हती. आणि कुदित्तमेट्टू अडवूत, चवड्यांवर उडून टाच आपटताना, नेमकी तीच लागते.

रलवे म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर चढणं. सुरुवातीला एका पायावर, न थांबता, उजव्यानं नऊ वेळा टाच उचलता आली, डाव्यानं चौदा वेळा. दुखणारा पाय उजवा. नऊ महिन्यांनी दोन्ही पंचविसाच्या आसपास आले. पोटरी ही नाचणाऱ्याची मोटारीसारखी स्प्रिंग आहे. ती थकली की उतरण्याचा धक्का गुडघ्यावर जातो. त्यात आमच्या घरी शहाबादी फरशी. बॅले लवचीक लाकडी जमिनीवर करतात, आपण दगडावर तट्टअडवू ठोकतो. मी रबरी चटई आणि तिच्यावर प्लायवूड टाकलं. सगळ्या खटाटोपात पैशाच्या मानानं सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

पायाचं बोट जमिनीवरून घसरत पुढे नेणं, म्हणजे तांद्यू, मला फार कंटाळवाणं वाटलं. अजून वाटतं. तळपायाचे बारीक स्नायू त्यानं जागे होतात हे खरं आहे, एवढं सांगून पुढे जाते. बोटांच्या टोकांवर, त्या टणक बुटांत, मी कधी चढले नाही आणि मोठ्या वयात सुरू करणाऱ्या कुणी व्यायामासाठी चढू नये असंच मला वाटतं.

वर्षभरानं मी घरीच वर्णम पुन्हा लावलं. गुडघा ठीक होता, तोल चांगला होता. दम मात्र पुन्हा त्याच तीरमानमला संपला.

इथं माझ्यातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षिकेला लाज वाटली, कारण उत्तर फळ्यावरचं होतं. शरीर ज्या प्रकारचं काम करतं त्याच प्रकारात ते सुधारतं. बारवरचं काम संथ असतं, प्रत्येक प्रकारानंतर बाजू बदलायला थांबायचं असतं. नर्तकांच्या नाडीचे ठोके आणि प्राणवायूचा वापर प्रयोगशाळांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मोजले आहेत. बॅलेचा नेहमीचा वर्ग हृदयावर मध्यमच भार टाकतो आणि रंगमंचावरचा नाच त्याहून बराच जास्त मागतो. रोज सहा तास नाचणाऱ्यांचा दमसासही धावपटूंसारखा नसतो, हे त्यातून पुढे आलं. म्हणून अनेक बॅले मंडळ्यांनी पोहणं, सायकल आणि वजनं जोडीला घेतली. म्हणजे नाचाच्या तंदुरुस्तीसाठी मी ज्या बॅलेकडे गेले होते, ते बॅलेवालेच तंदुरुस्तीसाठी दुसरीकडे जात होते!

वर्णमची रचना पाहा. अर्धा तास किंवा अधिक. त्यात जलद तीरमानम, मग अभिनयाच्या ओळी, पुन्हा तीरमानम. हृदयाच्या भाषेत हे मिनिटभराचं धावणं आणि तीन-चार मिनिटांचं चालणं आहे. मी पहाटे धाराशिव लेण्यांच्या वाटेवर जाऊ लागले. चढावर एक मिनिट जोरात, मग तीन मिनिटं हळू, असं सहा वेळा, आठवड्यातून तीनदा. हळू चालतानाची नाडी किती लवकर उतरते ते वहीत लिहीत होते. दम म्हणजे फक्त न धापणं नव्हे. धापल्यावर पुढची अभिनयाची ओळ येईपर्यंत चेहरा मोकळा होणं, हा नाचणाऱ्याचा दम. विरहिणी नायिका धापा टाकत असेल तर विरह कुणाला पटणार?

याबद्दल तुळजापूरच्या एका वयस्क गोंधळी मामांना विचारलं होतं. संबळाच्या तालावर रात्र काढणारी ही माणसं, दिवटी हातात, पोट रिकामं. "मामा, एवढा वेळ नाचता, दम लागत नाही?" ते म्हणाले, "ताई, लागतो की. सुरवातीला गडी वाचवायचा. रात्र लांब असती." मग त्यांनी करून दाखवलं : कथा सांगताना पाय जेमतेम हलतात, झील धरताना वेग येतो, पुन्हा उतरतो. पंधरा मिनिटांत मला वर्णमचाच आलेख दिसला. त्यांना आलेख वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. चहा घेतला आणि आले.

या सगळ्यात एक नुकसान झालं, ते लपवत नाही. बॅलेचा कल वर आहे; पाठ उंच, श्वास छातीत, वजन जमिनीपासून सोडवलेलं. भरतनाट्यमचा कल खाली आहे. दीड वर्षानं मी सोलापूरला बाईंना व्हिडिओ पाठवला. बाईंची पंच्याहत्तरी उलटली आहे. फोन आला, "अगं, पाय छान पडतायत. पण तू उभी आहेस. अरमंडीत बस ना! ही कोण उडून जायला निघालीय?" मी दोन दिवस काहीच केलं नाही. ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला तेच हातातून सुटतंय की काय, या भीतीनं झोप लागली नाही. मग सोलापूरला गेले. बाईंनी खुर्चीत बसून हातात तट्टुकळी घेतली आणि दोन तास फक्त तट्टअडवू घेतला, पहिल्या दिवशी शिकवला तसा. खांद्यावर हात ठेवून खाली दाबत म्हणाल्या, "ते व्यायामाचं व्यायामाच्या जागी. नाचताना ते अंगात असू दे, अंगावर नको."

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. बॅले सकाळी, नाच संध्याकाळी, एकाच सत्रात दोन्ही नाही. नाचाआधी दहा मिनिटं नुसतं अरमंडीत बसून श्वास पोटात उतरवते. पावलं अजून आतच असतात, पूर्वीपेक्षा वीसेक अंशांनी. कुणी हल्ली "सुरेख अरमंडी" म्हणत नाही.

२०२३ च्या कोजागरीला आमच्याच गल्लीतल्या एका मोठ्या गच्चीवर वर्णम केलं. तोवर गावाचं नाव सरकारनं धाराशिव केलं होतं. बाई आल्या नाहीत, प्रवास झेपत नाही. मुलानं फोन धरला होता. प्लायवूड आम्ही चौघांनी जिन्यावरून वर चढवलं. तिसऱ्या तीरमानमच्या आधी मी ठरवून एक आवर्तन गाळलं आणि तीरमानम पुरं केलं, पुढचं आणि त्यापुढचंही. शेवटाला मांड्या थरथरत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना उजव्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला. गरम नव्हता.

गाळलेलं आवर्तन बाईंनी फोनवरून ओळखलं होतं. पुढच्या कोजागरीला ते घालायचं आहे. गच्चीच्या कठड्याशी आता आम्ही तिघी असतो. एक प्राथमिक शिक्षिका, एक बँकेतली. दोघींनाही भरतनाट्यम येत नाही. एकीला भाचीच्या लग्नात दोन तास नाचायचंय, दुसरीला नवरात्रात आराधी मेळ्यात रात्रभर उभं राहायचंय. दोघींचीही टाच उचलायची मोजणी मी वहीत लिहून ठेवली आहे.